थंडीत कोंबड्यांची अंडी बंद झाली? वाचक विचारतात

संक्रांत झाली की या पानावर कोंबड्यांची पत्रं वाढतात, आणि यंदा तर ठाणे-नवी मुंबईच्या गावठाणांतूनच इतकी आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतेय. सगळ्यांची तक्रार साधारण एकच आहे, थंडी पडली आणि अंडी थांबली. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलंय, पण ते सगळ्यांनीच वाचा.

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही घणसोली गावात राहतो. घरामागे थोडी मोकळी जागा आहे तिथे सहा कोंबड्या आहेत, चार गावठी आणि दोन गिरिराज जातीच्या. दिवाळीपर्यंत रोज दोन-तीन अंडी तरी मिळायची, डिसेंबरात गारठा पडला तशी कमी झाली आणि आता महिना होऊन गेला एकसुद्धा अंडं नाही. खायला तांदळाची कणी, उरलेला भात, भाकरी असं पोटभर देतो. वारा लागू नये म्हणून खुराड्याला चारी बाजूंनी ताडपत्री बांधली, ऊब राहावी म्हणून रात्रभर बल्ब ठेवतो. सासूबाई म्हणतात बाजरी आणि लसूण दे, शेजारचे म्हणतात म्हाताऱ्या झाल्या, कापून टाका. काय करू?

उत्तर : ताई, आधी सांगते, कापू नका. महिनाभर अंडं नाही याचा अर्थ कोंबडी संपली असा होत नाही, आणि या दिवसांत ज्या कोंबड्या घाईघाईने सुरीखाली जातात त्यातल्या बऱ्याच होळीच्या आसपास पुन्हा अंड्यावर आल्या असत्या, हे मला मनापासून वाईट वाटतं म्हणून दरवर्षी लिहिते.

आता थंडीचं बघू. आपल्या खाडीकाठी थंडी म्हणजे पहाटे फार तर १५ अंशांच्या आसपास, दुपारी पुन्हा ऊन तापतंच. कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या वर असतं, अंगावर पिसांची गोधडी असते, तिला १८ ते २४ अंशांत सगळ्यात बरं वाटतं हे खरं पण १५ अंशांनी तिचं काही बिघडत नाही. थोडं जास्त खाते एवढंच. मग अंडी का थांबली? मुख्य कारण आहे उजेड. डिसेंबरच्या शेवटी आपल्याकडे दिवस जेमतेम ११ तासांचा असतो, जूनमध्ये तो सव्वातेरा तासांच्या आसपास जातो. कोंबडीला नुसत्या डोळ्यांनी उजेड कळतो असं नाही, तो कवटीतून आत मेंदूपर्यंत पोचतो आणि तिथून अंडाशयाला निरोप जातो की दिवस मोठे आहेत, पिल्लं जगतील, अंडी घाला. दिवस लहान झाले की हा निरोप थांबतो. चांगलं अंड्यावर राहायला तिला १४ ते १५ तास उजेड लागतो.

दुसरं कारण पिसं. पावसाळा संपून दिवस लहान व्हायला लागले की वर्षाच्या वरच्या कोंबड्यांची पिसं झडतात, आधी डोकं-मान, मग छाती-पाठ, शेवटी पंख आणि शेपूट. तुमच्या अंगणात ऑक्टोबर-नोव्हेंबरात खूप पिसं पडलेली दिसली होती का आठवून बघा. या सगळ्याला दोन ते तीन महिने जातात. पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रोटीन, ८० टक्क्यांच्या वर, आणि एका अंड्यातही साधारण ६ ग्रॅम प्रोटीन जातं. तेव्हा शरीर एका वेळी एकच काम करतं, नवीन पिसं घालतं आणि अंडी बंद ठेवतं. हे आजारपण नाही, डागडुजी आहे.

आणि इथेच तुमच्या कणीचा प्रश्न येतो. पोटभर देताय हे दिसतंय, माया आहे, पण कणीत प्रोटीन असतं ८ टक्क्यांच्या आसपास आणि अंड्यावरच्या कोंबडीला लागतं १६ ते १८ टक्के. भात, भाकरी, कणी याने कोंबडी जाडी होते, पोटात चरबी धरते, पण पिसंही लवकर येत नाहीत आणि अंडंही धरत नाही. म्हणून सगळ्यात आधी खाणं बदला. पशुखाद्याच्या दुकानात लेअर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं भरड खाद्य मागा, मांसाच्या ब्रॉयलरचं नको, लेअरचंच. एका कोंबडीला दिवसाला १०० ग्रॅमच्या आसपास लागतं, गावठी बाहेर चरत असेल तर थोडं कमी. कणी-भात पूर्ण बंद करायची गरज नाही, संध्याकाळी मूठभर चालेल, पण पोट भरायचं ते मॅशने. मॅश परवडत नसेल तर घरातला सुका जवळा, म्हणजे बारीक सुकी कोलंबी, भुगा करून द्या, आगरी-कोळ्यांच्या घरात तो असतोच, त्यात प्रोटीन भरपूर. फक्त एक सांभाळा, खारवलेली मासळी देऊ नका, मीठ कोंबडीला बाधतं, नुसता उन्हात वाळवलेला जवळा किंवा सुकट द्यायचा आणि तोही थोडाच, सहा जणींत मिळून लहान मूठभर पुरे. शेवग्याचा पाला मिळाला तर रोज टांगा. शेंगदाण्याची पेंड चालते पण बुरशी आलेली, कुबट वासाची असेल तर फेकून द्या, ती विष आहे. सासूबाईंची बाजरी चांगलीच आहे, तांदळापेक्षा बरी, द्या खुशाल. लसणाने तोटा नाही पण लसणाने अंडी सुरू होतात असं धरून बसू नका.

पाणी लोक विसरतात. अंड्याचा तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो. गार पहाटे टाकीतलं थंडगार पाणी कोंबडी कमी पिते, पाणी कमी प्यायली की खातेही कमी. सकाळी कोमट पाणी ठेवा, भांडं रोज घासा, दुपारी बदला.

आता बल्ब आणि ताडपत्री. रात्रभर बल्ब ठेवणं बंद करा ताई, कोंबडीला अंधारही लागतो, सात-आठ तास तरी झोप हवी. आपल्याला ऊब द्यायची नाहीये, दिवस लांबवायचाय, आणि तो लांबवायचा पहाटेच्या बाजूने. संध्याकाळी उशिरापर्यंत बल्ब ठेवून एकदम बंद केला तर त्यांना माच्यावर, म्हणजे बसायच्या फळीवर, चढायला दिसत नाही, खालीच बसून राहतात, आणि घुशी काय करतात ते गावठाणात कोणाला सांगायला नको. पहाटेचा उजेड मात्र आपोआप दिवसात मिसळतो. पिवळसर उजेडाचा छोटा एलईडी पुरतो, खुराड्यात त्यांच्या उंचीवर पेपर वाचता येईल एवढाच. पहिला आठवडा सव्वासहाला लावा, पुढच्या आठवड्यात पावणेसहाला, मग सव्वापाच, मग पावणेपाच, आणि सूर्य वर आला की बंद. सूर्य मावळतो साडेसहाच्या आसपास, म्हणजे १४ तासांच्या जवळ जाता. साधा टायमर प्लग मिळतो तो लावा म्हणजे उठायला नको, आणि एकदा सुरू केलं की मध्येच चार दिवस बंद असं करू नका, त्याने कोंबड्या पुन्हा पिसं टाकायला लागतात. तलंगा असतील, म्हणजे चार महिन्यांच्या आतल्या, तर त्यांना हा जादा उजेड द्यायचा नाही, अंग तयार व्हायच्या आधी अंड्यावर आल्या तर त्रास होतो.

ताडपत्री फक्त वारा येतो त्या एका बाजूला ठेवा आणि वरचा वीतभर भाग उघडाच असू द्या. चारी बाजूंनी बांधली की आत विष्ठेचा वास साठतो, डोळ्यांना झोंबतो तो अमोनिया, त्यात खाडीची दमट हवा, मग शिंका, घरघर, नाकातून पाणी सुरू होतं आणि लोक म्हणतात थंडी बाधली. थंडी नाही, कोंडलेली हवा बाधते. खाली भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा दोन-तीन इंच टाका, ओला झालेला रोज उचला.

कोणती कोंबडी परत येतेय हे हाताने कळतं. रात्री शांत असताना उचला आणि शेपटीखाली, अंडं येतं त्या जागेच्या दोन्ही बाजूंना दोन टोकदार हाडं लागतात ती बघा. मध्ये दोन-तीन बोटं बसत असतील आणि जागा ओलसर, मोठी असेल तर ती अंड्यावर आहे किंवा आजउद्या येतेय. जेमतेम एक बोट बसतंय, जागा कोरडी आणि आवळलेली, तुरा फिका, तर अजून वेळ आहे. आणि हाडं उघडी आहेत, तुरा लालबुंद आहे, तरी अंडं नाही असं झालं तर ती दुसरीकडे घालतेय किंवा कोणी पळवतंय. भंगाराच्या मागे, केळीच्या बुंध्याशी, शेजाऱ्यांच्या पडवीत बघा, दोन-तीन दिवस सकाळी दहा-अकरापर्यंत खुराड्यातच ठेवून बघा. बहुतेक अंडी सकाळीच पडतात.

रात्री टॉर्च घेऊन माच्याच्या फटींतही बघा. बारीक लालसर किडे दिवसा फटींत लपतात आणि रात्री रक्त पितात, त्याने कोंबडी अशक्त होते आणि अंडी जातात. राख आणि कोरडी माती घमेल्यात ठेवा, त्या स्वतःच अंघोळ करतात. फटींना उकळतं पाणी, मग चुना. पोटातल्या जंतांचं औषध वर्षात दिलं नसेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन वजनाप्रमाणे विचारून घ्या, आणि औषधानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत तेही तिथेच विचारा.

आता धीर. बलक पूर्ण वाढायलाच सात ते दहा दिवस जातात, त्याआधी शरीराला निरोप पोचायचा असतो, त्यामुळे आज सगळं सुधारलं तरी तीन ते सहा आठवडे धरा. गिरिराज आधी येतील, त्या बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या, गावठीपेक्षा जास्त अंडी देणाऱ्या. गावठी कोंबडी वर्षाला ५०-७० अंडी देते, तीही दहा-पंधरा घालून खुडुक बसत, म्हणजे अंडी थांबवून उबवायला बसत बसत, तेव्हा तिच्याकडून रोजची अपेक्षाच ठेवू नका. कोणी खुडुक बसली तर तिला पाण्यात बुडवणं, नाकात पीस घालणं हे कृपा करून करू नका, छळ आहे तो. खालून हवा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस दाणापाणी देऊन ठेवा, उठते. आणि हे काहीच केलं नाही, नुसतं खाणं सुधारलं, तरी संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने वाढतोच, मार्चअखेर बारा तासांच्या वर जातो. बल्ब नको वाटला तर नका लावू. एखाददुसरा महिना आराम मिळाला म्हणून कोंबडीचं काही नुकसान होत नाही.

प्रश्न : ताई, दिवाळे कोळीवाड्यातून लिहितोय. अंडी परत सुरू झाली पण कवच एकदम पातळ, हात लावला की फुटतं, दोन तर बिनकवचाचीच, नुसती पिशवी. थंडीमुळे का?

उत्तर : दादा, हे कॅल्शियम कमी पडल्याचं लक्षण आहे, बऱ्याच दिवसांनी सुरू झालेली पहिली एक-दोन अंडी अशी आली तर काळजी नको, पुढेही येत राहिली तर बघायचं. एका कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम जातं, दाण्यातून ते भरून येत नाही, मग कोंबडी स्वतःच्या हाडातलं काढून देते आणि लंगडी होते. आणि तुमच्या दारात तर त्याचं औषध पडलेलं असतं. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्यांची मासळी, खाल्ल्यावर शिंपल्या फेकू नका, कालवांची टरफलंही फेकू नका. कालवण-मिठाचा अंश राहू नये म्हणून स्वच्छ धुवा, उन्हात कडक वाळवा, चुलीवर किंवा जुन्या तव्यावर भाजा म्हणजे ठिसूळ होतात, मग पाट्यावर ज्वारीच्या दाण्याएवढं जाडसर कुटा. पीठ करू नका. जाडसर तुकडा पेट्यात, म्हणजे कलेजी-पेटा म्हणतो त्यातल्या पेट्यात, अडकून राहतो आणि रात्रभर हळूहळू विरघळतो, आणि कवच बहुतेक रात्रीच चढतं, पीठ मात्र दुपारीच निघून गेलेलं असतं. म्हणून शिंपल्यांची वाटी संध्याकाळच्या चाऱ्याबरोबर ठेवा. वेगळ्या वाटीत ठेवायची, दाण्यात मिसळायची नाही, जिला हवं ती बरोबर खाते. कोंबडा आणि पिल्लांना एवढं कॅल्शियम नको असतं.

घरातल्या अंड्यांची टरफलंही भाजून कुटून चालतात. अख्खी अर्धी टरफलं टाकू नका, त्याने अंडी फोडून खायची सवय लागते आणि ती मोडणं कठीण. आणि कोंबड्यांना सकाळचं ऊन मिळतंय ना बघा, उन्हाशिवाय खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही.

प्रश्न : ठाण्याहून, वर्तकनगरमधून. माझी धाकटी बहीण लग्न होऊन हिमाचलात गेली, मनालीच्या वरच्या बाजूला. तिकडे बर्फ पडतोय, पाणी गोठतं, कोंबड्यांचे तुरे टोकाला काळे पडलेत, अंडी पूर्ण बंद. ती रोज फोनवर विचारते आणि मला काही सांगता येत नाही. सासरचे शेगडी ठेवायची म्हणतात खुराड्यात.

उत्तर : शेगडी अजिबात नको, आजच फोन करून सांगा. बंद खुराड्यात कोळसा पेटवला की त्याच्या वायूने सकाळपर्यंत सगळ्या कोंबड्या मेलेल्या सापडतील, आणि सुकं गवत पेटलं तर घरापर्यंत आग. बहिणीच्या जिवाचाही प्रश्न आहे.

तिकडची थंडी मात्र खरी थंडी आहे, आपल्यासारखी नाही. काळं टोक म्हणजे तिथलं रक्त गोठून तुरा मेलाय. चोळायचं नाही, शेगडीजवळ शेकायचं नाही, काळा भाग कापायचा नाही, तो खालचं भरून आल्यावर आपोआप सुकून पडतो. सूज, पू, घाण वास आला तर डॉक्टर. ज्यांचे तुरे अजून चांगले आहेत त्यांना रात्री पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवला तर थोडा आधार मिळतो, पण खरं काम कोरडेपणाचं आहे. तुरा नुसत्या थंडीपेक्षा थंडी आणि ओल एकत्र आल्यावर जास्त गोठतो, आणि ती ओल कोंबड्यांच्या श्वासातून, विष्ठेतून येते. म्हणून छपराखाली, त्यांच्या डोक्याच्या वर, हवा जायला फट हवीच, खालून झोत यायला नको. जमिनीवर सुकं गवत-भुसा चांगला वीतभर. बसायचा माचा गोल काठीचा नको, चपटी फळी हवी, म्हणजे पंजे फळीवर सपाट राहतात आणि पोटाच्या पिसांखाली झाकले जातात. कोंबड्या एकमेकींना चिकटून बसल्या की पुरेशी ऊब होते, वेगळी लागत नाही.

कोमट पाणी दिवसातून तीन वेळा, रात्री भांडं बाहेर काढायचं. संध्याकाळी झोपायच्या आधी मूठभर भरडलेला मका, तो रात्री पचताना अंग गरम राहतं. त्या थंडीत खाणं चांगलंच वाढतं, नेहमीच्या मापाने दिलं तर सगळं ऊब धरण्यातच खर्च होतं आणि अंड्यासाठी काही उरत नाही, म्हणून माप सोडून द्यायला सांगा. दिवस तिकडे डिसेंबरात आपल्यापेक्षाही लहान, दहा तासांच्या आसपास, त्यामुळे बर्फ ओसरल्यावरही तीन ते सहा आठवडे लागतील, घाबरायचं नाही. सुरू झाली की अंडी दिवसातून दोन-तीनदा उचलायची, गोठलं की आतलं फुगून कवच तडकतं आणि तडकलेलं कच्चं ठेवायचं नाही. कोंबड्याचाच तुरा गोठला असेल तर काही काळ त्याच्यापासूनची अंडी फळत नाहीत, तेव्हा पिल्लांसाठी अंडी बसवायची घाई नको.

प्रश्न : ऐरोली. दोन कोंबड्या गप्प बसल्यात, हिरवट शी, एकीची मान वाकडी झालीये, अंडी बंद. थंडीच आहे ना? हळद दिली.

उत्तर : नाही हो, ही थंडी नाही. हिरवी शी आणि मान मोडणं ही मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लक्षणं आहेत. आजच्या आज दोघींना वेगळं करा, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, त्यांची अंडी-मांस वापरू नका, भांडी आणि चपलासुद्धा वेगळ्या ठेवा. यावर औषध नाही, लस आहे, पहिली पिल्लू आठवड्याचं असताना आणि दुसरी साधारण दोन महिन्यांचं झाल्यावर, ती सगळ्यांनी वेळेत द्यावी असं मी हात जोडून सांगते. एकदम चार-पाच कोंबड्या मेल्या, तोंड सुजलं, तुरा निळा-जांभळा झाला तर वाट बघूच नका. फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीला बर्ड फ्लू निघाला होता आणि आजूबाजूच्या हजारो कोंबड्या माराव्या लागल्या. मेलेली कोंबडी खाडीत किंवा कचऱ्यात टाकू नका, नुसत्या हाताने उचलू नका, विकू तर मुळीच नका.

प्रश्न : कोलशेत. पहाटे बल्ब लावला की कोंबडा पावणेपाचलाच आरवतो, बाजूच्या सोसायटीतून तक्रार आली. कोंबडा काढला तर अंडी थांबतील का?

उत्तर : नाही थांबणार, अंड्यासाठी कोंबडा लागत नाही, फक्त पिल्लांसाठी लागतो. त्याला काढायचं जिवावर येत असेल तर रात्री बल्बच्या उजेडापासून लांब, अंधाऱ्या पण हवेशीर खोक्यात ठेवा आणि सातला सोडा. गावाकडे कोणाला हवा असेल तर देऊन टाका. तेही नको असेल तर बल्ब सोडा, मार्चपर्यंत थांबा, अंडी तशीही येतील.